मॅडमचं टेबल आणि गौलीगुड्याचं पाळणाघर

मी तेलुगू मुलखात एका सरकारी ऑफिसात अटेंडर आहे. म्हणजे साहेब घंटी वाजवतात, आणि मी उठेपर्यंत तेच उठून काम करून टाकतात. शाळा मी तिसरीत सोडली. शाळेनं मला दुसरीतच सोडलं होतं, पण आमच्या अण्णांच्या ते उशिरा ध्यानात आलं. हे सगळं मी बोलतोय आणि माझी मुलगी लिहून घ्यायली. मधीमधी ती हसते, ते लिहू नको म्हणलो.

आमचं खातं बायकांचं आणि लेकराबाळांचं. एक दिवस सकाळी एक बाई आली. खांद्याला कापडी पिशवी, पायात साधी चप्पल, केस कसेतरी बांधलेले. मला वाटलं नोकरी मागायला आली. मी माझ्या नेहमीच्या रुबाबात म्हणलो, "बेंच पे बैठो. साब कॅम्प पे हैं." कॅम्प म्हणजे दौरा, पण साहेब आत बसून इडली खायलेले. ती बसली. जेवणाची सुट्टी झाली तरी बसलेलीच. शेवटी डायरेक्टर साहेबांनीच दारातून डोकं बाहेर काढलं.

"वो युनिवर्सिटीवाली मॅडम आई नई क्या अबी तक?"

"नई आई साब," मी छाती काढून म्हणलो.

"मैं ही हूं सर," बाकावरून आवाज आला.

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की दुसरा असता तर राजीनामा लिहिला असता. मला लिहिता येत नाही म्हणून नोकरी टिकली.

तर झालं असं होतं. आधी विद्यापीठातली माणसं बाहेरून यायची. चहा प्यायची, प्रश्न विचारायची, वर्षानं जाडजूड रिपोर्ट आणून द्यायची, साहेबांसोबत फोटो काढायची आणि जायची. रिपोर्ट कपाटात. ते कपाट उघडायचं काम माझ्याकडं, म्हणून सांगतो, आतलं एकही पान कुणी मळवलेलं नव्हतं. मग वरून कुणाच्या तरी डोक्यात आलं, की संशोधन करणाऱ्यांना ऑफिसातच बसवायचं. वर्षभर आत बसा, काम कसं चालतं बघा, आणि निर्णय व्हायच्या आधी दोन शब्द सांगा. नंतर नाही. त्यात आमच्याकडं ही मॅडम आली.

आता सरकारात जागा मिळते हुद्द्यावरून, आणि हिला हुद्दाच नव्हता. सुपरिंटेंडेंट बाईंनी सगळा हॉल बघितला आणि पिण्याच्या पाण्याच्या मशीनशेजारी एक टेबल टाकायला लावलं. तिथं आधीपासून माझं स्टूल होतं. म्हणजे अख्ख्या ऑफिसातली सगळ्यात जास्त शिकलेली बाई आणि सगळ्यात कमी शिकलेला माणूस, मधी एक पाण्याची मशीन.

पहिला महिना आम्ही सगळे तिला घाबरून होतो. ती सारखी लिहायची. सेक्शनमध्ये बोलणं झालं की, ही वरून चौकशीला पाठवलेली आहे. मी सगळ्यांच्या आधी विश्वास ठेवला. आठवडाभर मी वेळेवर आलो, घंटी वाजायच्या आत उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, "तबियत खराब है क्या?" मग एकदा मी गावाकडं फोनवर बोलायलो होतो तर ती म्हणली, "काका, तुम्ही घरी मराठी बोलता? आम्ही परभणीचे." मी म्हणलो, "आमचे आजोबा नांदेडकडून आले. मी कुठूनच आलो नाही, मला आणलं." ती हसली. त्या दिवसापासून भीती गेली आणि मी परत उशिरा येऊ लागलो.

आता मुख्य गोष्ट. माझी मुलगी, हीच जी लिहायली, सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानात विक्रीला आहे. जावई गाडीवर सामान पोचवतो, त्याचा वेळेचा भरवसा नाही. नात दोन वर्षांची. आमची बायको गेल्यापासून घरी बघायला कुणी नाही, आणि मी सांभाळेन म्हणलो तर मुलगी म्हणली, "बाबा, तुम्हाला कोण सांभाळायचं?" सरकारचं पाळणाघर गौलीगुड्यात आहे. दुकानापासून चालत जाता येतं. फुकट, स्वच्छ, आया चांगली. पण उघडतं दहाला आणि बंद होतं चारला. दुकान सुरू होतं अकराला आणि शटर पडतं साडेआठला. मग नात कुठं? दुकानात, मागच्या बाजूला, साड्यांच्या गठ्ठ्यांवर. शेठ भला माणूस, पण एका गिऱ्हाईकाच्या नव्या साडीवर नातीनं आपला शिक्का मारला, तेव्हापासून तो म्हणायला लागला, "बेटी, दिवाळीतक देखता हूं, उसके बाद बच्ची को लाना नक्को."

म्हणजे दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर मुलीची नोकरी गेली.

आणि त्याच वेळेला पाळणाघर बंद करायची फाईल सेक्शनमधून साहेबांकडं निघाली. त्यात लिहिलेलं, लेकरंच येत नाहीत, जागा गोदामाला द्या. ही फाईल मीच घेऊन चाललो होतो. मशीनजवळ पाणी प्यायला थांबलो, आणि सवयीनं मॅडमला चेष्टेत म्हणलो, "बघा, लेकरं येत नाहीत म्हणं. माझी नात साड्यांवर मुतती, आणि सरकार म्हणतं लेकरंच नाहीत."

ती हसेल म्हणून मी थांबलो. ती हसली नाही.

"काका, परत सांगा."

मी परत सांगितलं, या वेळी जरा कमी विनोद घालून. तिनं वेळा विचारल्या, दुकानं विचारली, अजून किती बायका अशा आहेत विचारलं. मला काय माहीत? मी म्हणलो, "लई असतील." ती म्हणली, "लई म्हणजे किती?" शिकलेल्या माणसाचा हाच त्रास. पण खरं सांगतो, बाहेरून आली असती तर ही फाईल तिला कधी दिसलीच नसती. दिसली कारण टेबल पाण्याच्या मशीनशेजारी होतं.

तिनं साहेबांना गाठलं. सही करण्याआधी एकदा स्वतः जागा बघा म्हणली. साहेब माणूस सरळ. म्हणले, "उद्या तीन वाजता जाऊ."

आणि इथं मी माझं डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की काहीतरी पडतं.

आमच्याकडं रीत आहे. साहेब ऑफिसातून निघाले की अटेंडर किंवा ड्रायव्हर पुढं फोन करतो, "साब निकले." यात लपवाछपवी नाही, हा मान आहे. न सांगता साहेब गेले आणि तिथं खुर्चीवर धूळ निघाली तर बोल आम्हालाच. मी पाळणाघरात आयाला फोन केला. आणि मुलीच्या पोटाचा प्रश्न म्हणून जरा जास्तच बोललो, "अम्मा, लेकरं येत नाहीत म्हणून बंद करायलेत. जरा भरलेलं दिसू द्या."

आम्ही पोचलो. दाराला आंब्याची पानं. आत लेकरंच लेकरं. मला भरून आलं. म्हणलो, बघा साहेब, कोण म्हणतं रिकामं! साहेब हळूहळू आत चालत गेले. गालिच्यावर मांडी घालून बसलेल्या एका लेकराला ओठावर मिशी फुटायलेली. त्याच्या हातात खुळखुळा होता.

"कौनसी क्लास में पढता रे?" साहेबांनी विचारलं.

"नाइन्थ, सर," तो उभा राहून म्हणला. उभा राहिला तर साहेबांच्या खांद्याला लागला.

आया भिंतीकडं बघायली. मॅडम माझ्याकडं बघायली. मी खुळखुळ्याकडं बघायलो.

परत येताना गाडीत साहेब एकच वाक्य बोलले. त्यांची हिंदी तेलुगूत भिजलेली असते, मी आपल्या भाषेत सांगतो. "मला दाखवायला लेकरं उसनी आणावी लागतात, याचा अर्थ गरज नाही. सोमवारी कॅम्पवरून आलो की सही करतो."

म्हणजे मी एका फोनमध्ये ते काम केलं, जे सेक्शनला अख्खी फाईल करून जमलं नव्हतं.

ऑफिसात आल्यावर मॅडम मशीनजवळ उभी राहिली. ग्लास भरून वाहायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"फोन कुणी केला, काका?"

"मीच. नेहमी मीच करतो. ड्रायव्हर करायला लागला की मी त्याला सांगतो, मी केलाय म्हणून."

"आणि मिशीवाला?"

"त्याला मी नाही बोलावलं. माझी शपथ. तो आयाच्या बहिणीचा."

ती चिडेल म्हणून मी स्टूल जरा मागं सरकवलं. ती म्हणली, "चुकी माझीपण आहे. तुम्ही लोक काय करता ते मी विचारलंच नाही. आता सोमवारच्या आधी साहेबांना खरं दाखवायचं. रिकामं पाळणाघर पण, आणि भरलेलं दुकान पण. एकाच संध्याकाळी."

तिनं साहेबांसाठी मोठा कागद लिहिला. पानंच पानं, आत उभ्या-आडव्या रेघा, रंगीत. सुपरिंटेंडेंट बाईंनी, ज्यांनी ती बंद करायची फाईल स्वतः तयार केली होती, त्यांनी तो हातात घेऊन वजन बघितलं.

"इतना कौन पढता अम्मा? साब एक पन्ना पढते. वो भी ऊपर का."

"पर मॅडम, पूरी बात एक पन्ने में..."

"पूरी बात नक्को. क्या चाहिए वो लिखो."

मॅडमला धोरण बदला असं लिहायचं होतं. बाई म्हणल्या, तसं लिहिलंस तर साहेब म्हणतील बघू, आणि बघू म्हणलेली फाईल इथं म्हातारी होते. एवढंच लिही, की सही करायच्या आधी एकदा संध्याकाळी चालत येण्याची विनंती आहे. मॅडम तिथंच बसली आणि सगळ्या रेघा बाजूला ठेवून चार ओळी लिहिल्या. मी म्हणलो, वाया गेलं ना एवढं. ती म्हणली, "वाया नाही. ते माझ्या डोक्यात राहू द्या. साहेबांनी विचारलं की तिथून काढते." मला ते पटलं. माझ्या डोक्यात काही नसतं, म्हणून मला विचारलं की मी गप्प बसतो. किंवा बसत नाही.

बाईंनी साहेबांना कॅम्पवर फोन करून सांगितलं. सोमवारी सही दुपारी नाही, संध्याकाळी चालून आल्यावर ठरली.

आता एकच अडचण होती. मी. ऑफिसातली बातमी माझ्या पोटात राहत नाही, हे ऑफिसच्या मांजराला पण माहीत आहे. मॅडम म्हणली, "काका, मुलीला पण सांगायचं नाही." मी म्हणलो, "घरी एका ताटात जेवतो, कसं जमायचं?" ती म्हणली, "तोंडात घास ठेवा." दोन दिवस मी एवढं जेवलो, की मुलगी म्हणली बाबा आजारी आहेत. सोमवारी मी स्वतःहून माझा फोन सुपरिंटेंडेंट बाईंच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणलो कुलूप लावा. मला कधी कशाचा निर्धार जमला नाही. बिडी सोडायचा केला होता, तो बिडी ओढत केला होता. पण या वेळी ठरवलंच. लेकीची नोकरी होती.

गाडी घेतली नाही, कारण ड्रायव्हर. रिक्षा केली. साहेब, मॅडम मागं, आणि मी पुढं रिक्षावाल्याच्या अर्ध्या सीटवर. पाळणाघराला कुलूप. चार वाजून गेलेले, बंदच असायला पाहिजे होतं, नियमाप्रमाणं बरोबर होतं. साहेब म्हणले, "इसमें क्या देखना?" मॅडम म्हणली, "एवढंच बघायचं होतं सर. आता चालूया."

कोठी म्हणतात त्या भागातून आम्ही सुलतान बाजारात शिरलो. संध्याकाळची गर्दी. साहेबांना गर्दीत चालायची सवय नाही, लोक बाजूला होतील असं त्यांना वाटायचं, आणि लोक त्यांना कोपर मारून पुढं जायचे. मॅडम एका एका दुकानापाशी थांबायची आणि बोट न दाखवता नुसती बाजूला व्हायची. बांगड्यांच्या दुकानात काउंटरच्या खाली एक लेकरू चादरीवर झोपलेलं. पुढच्या कापडाच्या दुकानात दोन, ताग्यांच्या मधल्या फटीत, एकाच्या पायाला दोरी, कारण ते रस्त्यावर पळतं. त्याच्या पुढं अजून. साहेब आधी विचारायचे, मग विचारायचे थांबले.

मग आमचं दुकान. नात साडीच्या खोक्यात बसलेली. मुलीनं आधी मला बघितलं, मग साहेबांना, आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा, काय केलात आता? नोकरी गेली का?"

"गप. गिऱ्हाईक समज," मी म्हणलो.

"दोन पुरुषमाणसं साडी घ्यायला?"

साहेबांनी शेजारच्या काउंटरवरच्या बाईला विचारलं. तिचं पोरगं तिच्या ओढणीला धरून उभं होतं. "गौलीगुडे में सरकार का पालना घर है ना, फुकट है. वहां कायकू नई छोडते?"

तिनं साडीची घडी मोडता मोडता विचारलं, "चार बजे लेने कौन जाता साब? तुम जाते क्या?"

तिला माहीत नव्हतं हे कोण आहेत. माहीत असतं तर बोलली नसती. शेठनं खुर्ची पुढं केली, साहेब बसले नाहीत. मग मॅडमला म्हणले, "ऐसे कितने?"

आणि मॅडमनं डोक्यातलं काढलं. गल्लीवार सांगितलं. गेले कित्येक दिवस ती एकटीच फिरत होती, मला पण सांगितलं नव्हतं. बरंच केलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बंद करायच्या फाईलवर सही केली नाही. पण एकदम सगळं दिलं पण नाही. एकच पाळणाघर, तीन महिने, सकाळी अकरा ते रात्री नऊ. रिकामं राहिलं तर कुलूप. मी पेढे आणायला निघालो. मॅडमनं हाताला धरून बसवलं. "आयाला कोण विचारणार?"

आयानं स्वच्छ नाही सांगितलं. "मलापण घर आहे. माझी पोरं रात्री नऊपर्यंत कोण बघणार?" मी म्हणलो, हिला काय एवढं, सरकारी पगार घेते. मॅडम म्हणली, "काका, ती तेच म्हणायली जे तुमची मुलगी म्हणायली." मला लाज वाटली, पण थोडीच, मला जास्त पेलत नाही. मॅडम रोज जाऊन त्या आयापाशी बसली. शेवटी दोन पाळ्या करायचं ठरलं, संध्याकाळची पाळी हिनं घ्यायची आणि स्वतःची पोरं सोबत आणायची. त्याला परवानगी पाहिजे, परवानगीला फाईल पाहिजे. मॅडम तोवर चार ओळींत लिहायला शिकली होती.

तीन महिने गेले. काही दिवस लेकरांना जागा पुरायची नाही. काही दिवस अर्धीच. लग्नसराईत फुल्ल, सुट्टीला ओस. दिवाळी झाली, मुलीची नोकरी राहिली, पण कुलूप लागलं तर बच्ची परत दुकानात नक्को, असं शेठ बोलून दाखवायचा. मॅडमचं वर्षपण संपत आलेलं. विद्यापीठातून फोन यायचे, परत कधी येता म्हणून. ती म्हणायची, "हे झाल्यावर."

मग तिनं शेवटचा कागद लिहिला आणि मला वाचून दाखवला. त्यात अर्धी भरलेल्या दिवसांचं पण लिहिलेलं.

"हे कशाला?" मी ओरडलो. "हात जोडतो, भरलेलंच लिहा! कुलूप लावतील ना!"

"खोटं भरलेलं त्यांनी एकदा बघितलंय काका. यातलं एक जरी उसनं निघालं तर बाकीचं खरं पण जाईल."

"आणि कुलूप लागलं तर?"

"तर मी परत लिहीन. वर्ष संपलं तरी येईन. पण खोटं लिहायचं नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. म्हणजे जरा उशिरा आली.

साहेबांनी कागद वाचला. एकच पान होतं, पूर्ण वाचला. अर्धे भरलेले दिवस कुठले, का, हे विचारलं. तिनं सांगितलं. सुट्टीच्या दिवशी एकच आया ठेवू, असं दोघांनी तिथंच ठरवलं. आणि सही झाली. पाळणाघर चालू राहणार, वर्षभर, त्याच अकरा ते नऊ वेळेत.

मी परत पेढे म्हणलो. मॅडम म्हणली, "सही झाली. ऑर्डर निघाली का?" ऑर्डर टाइप होईपर्यंत मॅडम सेक्शनमध्ये उभी राहिली. सुपरिंटेंडेंट बाई म्हणल्या, "बैठ अम्मा, मैं भागके नई जाती." ती बसली नाही. कागद हातात पडला तसा मला दिला. "काका, आत्ता द्या. आत्ता."

मी चालतच गेलो. आयाच्या हातात दिला आणि म्हणलो वाचून दाखव, कारण मला वाचता येत नाही आणि सरकारचा मला भरवसा नाही, मी आत काम करतो. तिनं वाचला. मी म्हणलो परत वाच. तिनं परत वाचला. मग मी गालिच्यावर नातीशेजारी बसलो, भिंतीला टेकलो. लेकरं माझ्या अंगावरून चढून जायली. कुणीतरी माझ्या टक्कलावर पावडर लावली.

मुलगी शटर पडल्यावर आली. मला झोप लागली होती, ते मला नंतर सांगितलं. तिनं आधी लेकरू उचललं. आया पंखा बंद करून दारात उभी होती.

"उद्या पण उघडं आहे ना?" मुलीनं विचारलं.

"उद्या पण. पण यांना नेताय ना?" आया माझ्याकडं बोट करून म्हणली. "एवढी मोठी लेकरं आम्ही आता ठेवून घेत नाही."